डोळ्यांचा दोष कीं तारेचा?

भिवंडीहून वाड्याकडे जातांना वज्रेश्वरीचा फांटा जेथें फुटतो, त्या अंबाडीस आमचें राहतें घर आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आणि दूरचित्रवाणीचा संच एकच. गेल्या वर्षीं जुना संच मोडीत निघाला व मोठ्या पडद्याचा नवा आला. सेट-टॉप बॉक्सहि उच्च प्रतीचा घेतला. बसविणारा कारागीर तासाभरांत काम उरकून गेला. चित्र दिसूं लागलें, तेवढ्यानें आमचा संतोष झाला.

संतोष झाला नाहीं तो एका मातोश्रींचा. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपूरची महापूजा पाहतांना त्या म्हणाल्या, "अरे, देवाच्या मुखावर धुकें दिसतें. माळ तुळशीची कीं फुलांची, तेंहि कळत नाहीं." पस्तीस वर्षें मुलांचीं उत्तरें तपासलेले आम्ही! तत्काळ निर्णय दिला, "आई, आतां डोळे थकले." त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढें दोन महिने त्या संचाकडे पाठ करून बसत आणि नुसतें ऐकत. ठाण्याच्या नेत्रवैद्यांकडे त्यांस नेण्याचा दिवसहि आम्हीं ठरवून टाकला.

एके दिवशीं सूनबाईंनीं हलकेच विचारलें, "मामंजी, संचाशेजारच्या दिनदर्शिकेचे आकडे आजी बसल्या जागेवरून वाचतात. मग देवाची माळ कशी दिसत नाहीं?" आम्हांस उत्तर सुचेना.

नातवानें संच पुढें ओढून मागें पाहिलें. बॉक्समधून पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन तारा आल्या होत्या. तांबडी-पांढरी ध्वनीच्या, चित्राचा सारा भार एकट्या पिवळीवर. हिला 'कंपोझिट' म्हणतात. हिच्यांत प्रकाश व रंग एकत्र कालवून पाठवितात. संचास ते पुन्हां निवडावे लागतात, आणि त्या निवडींत कडा विरघळून बारीक अक्षरें थरथरतात. शिवाय हिच्यांतून चित्राच्या ५७६ रेघांहून अधिक कांहीं येत नाहीं. आमच्या पडद्यावर तर १,०८० रेघांची सोय.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत, असलेली वस्तु न दिसण्याचीं आठ कारणें सांगितलीं आहेत. इंद्रियाचा बिघाड हें त्यांतील एक. सारख्यांत सारखें मिसळून जाणें, म्हणजे समानाभिहार, हें दुसरें. हा पाठ आम्हांस मुखोद्गत. परंतु मातोश्रींच्या बाबतींत आम्ही पहिल्या सुचलेल्या कारणापाशींच थांबलों.

वाचकांच्या घरीं असें होऊं नये म्हणून थोडें सांगतों. संच व बॉक्स या दोहोंस 'एचडीएमआय'चें तोंड असेल, तर तीच तार घ्यावी. २००२ सालीं निघालेली ही रीति चित्र व ध्वनि दोन्ही एकाच तारेंतून अंकरूपानें नेते. तें तोंड नसेल तर 'कंपोनंट' पाहावी. हिरवी, निळी व तांबडी अशा तिच्या तिन्ही तारा चित्राच्याच; प्रकाश हिरवींतून जातो व रंगांचा भाग उरलेल्या दोहोंतून, म्हणून मिसळ होत नाहीं. ध्वनीस मात्र निराळ्या तारा लागतात. दोन्ही नसतील तरच पिवळी. तार जोडल्यावर रिमोटवरून तोच मार्ग निवडावा आणि बॉक्सच्या मांडणींत १,०८० रेघा चालू आहेत कीं नाहींत, तें पाहावें. दोन हातांच्या अंतरास भारी किमतीची तार घेऊन चित्र अधिक चांगलें होत नाहीं. आणि मूळ प्रक्षेपणच हलकें असेल, तर कोणतीहि तार त्यास उंची देऊं शकत नाहीं.

अंबाडी नाक्यावरून साधी तार आणून नातवानें जोडली. नेत्रवैद्यांचा दिवस आम्हीं रद्द केला नाहीं. त्या वयास डोळे तपासून घेणें योग्यच. मात्र निघण्यापूर्वीं आम्हीं मातोश्रींची क्षमा मागितली. "तुझ्या वडिलांनींहि कधीं माझें पहिल्यानें ऐकलें नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या.

कार्तिकीस त्या पहाटेपासून संचासमोर बसल्या होत्या. माळ तुळशीचीच होती.