न दिसणारे अक्षर

रेवदंड्यापासून खाडीपलीकडच्या कोर्लईपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ॲग्नेस, ॲन्थनी, ॲलेक्स या नावांना तोटा नाही. आजीचे नाव नातीला देण्याची आपली रीत. त्यामुळे दफनाच्या नोंदवहीत एकच नाव पिढ्यानुपिढ्या भेटत राहते. खाऱ्या हवेने वह्यांची शाई फिकट होत चालली, तेव्हा त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात असे ठरले. देणगीदाखल मिळालेल्या जुन्या यंत्रावर आम्ही उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवली आणि लिबरऑफिसमध्ये टंकलेखन सुरू केले. दोन तरुण स्वयंसेवकांनी वह्या वाटून घेतल्या.

किरकोळ तक्रारी लवकर मिटल्या. परिच्छेदाच्या शैलीत अक्षराचा आकार वाढवला, तर रोमन अक्षरे फुगली आणि मराठी होती तेवढीच राहिली. देवनागरीचा आकार तेथे जटिल लिपीच्या वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो. कोर्लईच्या 'नो लिंग' बोलीतील एक प्रार्थना देवनागरीत लिहिली, तो शब्दाशब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ! पोर्तुगीजांनी १७४० साली चौल सोडले तरी जी बोली टिकून राहिली, तिला यंत्र चूक ठरवीत होते. मजकुराची भाषा 'काही नाही' अशी निवडल्यावर रेघा गेल्या. उपाय लागू पडला, पण तो आम्हांस फारसा रुचला नाही.

खरी अडचण एका आजींमुळे उघडकीस आली. लहानपणी तापाने गेलेली त्यांची धाकटी बहीण ॲग्नेस कोठे पुरली, एवढेच त्यांना हवे होते. लाकडी क्रूस केव्हाच नाहीसा झालेला. आम्ही शोधखिडकीत नाव घातले. दोन ॲग्नेस सापडल्या. त्यांची एकही नव्हे.

"म्हंजे वहीतबी नाय का ती, मास्तर?" आजींनी विचारले.

त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावले आणि रात्री वर्षानुवर्षे नोंदी चाळल्या. ती होती. वडिलांचे नाव, वय, सारे जुळत होते. 'ॲग्नेस' हा शब्दही दिसायला तंतोतंत तोच. मग यंत्राला ती दिसेना कशी?

या संपादकात अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की त्याचा युनिकोड संकेतांक उघडा पडतो. सापडलेल्या ॲग्नेसच्या आद्याक्षराचा एकच अंक निघाला: ०९७२. आजींच्या बहिणीच्या आद्याक्षराचे तीन निघाले: ०९०५, २००डी, ०९४५. म्हणजे अ, मग एक न दिसणारा जोडक, आणि मग अर्धचंद्र.

दोघांपैकी कोणताही स्वयंसेवक चुकला नव्हता. १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडमध्ये मराठीचा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हताच. तो २००८ साली आला. तोवर लोक 'अ' वर चंद्र देऊन काम भागवीत. पण नव्या अक्षरमांडणीत असा चंद्र दिला की मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ते टाळण्यासाठी मध्ये जोडक घालण्याची सवय पडली. एकाचा कळफलक नवे अक्षर देत होता, दुसऱ्याचा जुनी जुळणी. डोळ्यांना दोन्ही एक. संगणक मात्र अंक ताडून पाहतो.

सगळेच जोडक पुसून टाकावेत, असे एका स्वयंसेवकाने सुचवले. आम्ही त्याचा हात धरला. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' शब्दात तोच अदृश्य जोडक 'र' ला आडवा ठेवतो. तो काढा, की डोंगरातल्या दऱ्यांचा क्षणात दर्या होतो, आणि 'किनाऱ्यावर' ची तर दशाच! म्हणून शोधखिडकीत तीन अंकांची ती जुळणी नेमकी चिकटवली, बदलीच्या रकान्यात एकसंध 'ॲ' ठेवला आणि 'सर्व बदला' दाबले. त्यानंतर ॲग्नेस शोधली, तर अनेक जणी पुढे आल्या.

सकाळी आजी आल्या. तिसरी रांग, विहिरीच्या अंगाची. ती नोंद त्यांनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग सून सोबत असूनही एकट्याच दफनभूमीकडे गेल्या.