अक्षर लागतं का?

वह्या तपासताना मी ‘लेजिबल’ असा शेरा देते. मुलं विचारतात, “बाई, हे चांगलं की वाईट?” चांगलंच! लेजिबल म्हणजे सुवाच्य, चटकन लागणारं अक्षर. ‘युवर हँडरायटिंग इज लेजिबल.’ मजकूर समजायला सोपा, गोडी लावणारा असेल, तर मात्र म्हणायचं, ‘धिस बुक इज रीडेबल.’

नाशिक शहराचा पिनकोड ४२२००१, नाशिकरोडचा ४२२१०१. मधला एक आकडा लेजिबल नसला, तर पत्र भलत्याच पोस्टात! औषधाच्या चिठ्ठीत तर जिवाशीच गाठ. म्हणून २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियमच केला: डॉक्टरांनी औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत.

तुमचं अक्षर मोत्यासारखं नसेना का, वाचणाऱ्याला ते लागलं पाहिजे!