मधले पाच पत्ते सगळ्यांचे

तीनपत्ती न येणारा पुरुष आमच्या डिचोलीकडे शोधूनच काढावा लागेल. चवथीत आरत्या, भजनं आटोपली की जागरणाच्या नावाने चटईवर पत्ते पडतात ते पहाटेपर्यंत. पण 'टेक्सस होल्डेम' नावाचा पोकर मी शिकलो तो भाच्यामुळे, तेही वयाच्या पंचेचाळिशीत.

भाचा मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर म्हणून लागलाय. पदवीनंतर दोन वर्षं सरकारी जाहिरातींना अर्ज करण्यात गेली. (त्या अर्जांचे गठ्ठे कसे साठतात ते आम्हा कारकुनांना विचारा.) ताई मात्र शेजारीपाजारी 'हॉटेलात आहे' एवढंच सांगते. पोराला घरी सरावासाठी माणसं हवी होती. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकराला खेळायला म्हणून कॅसिनोत जायची बंदी आहे, तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल आणि डबाभर चिंचोके, हाच आमचा कॅसिनो.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, ते आपले आपण बघायचे. मधोमध पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक टर्न, शेवटचा रिव्हर. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून उत्तम पाचांचा हात करायचा. फ्लॉपच्या आधी आणि मग प्रत्येक टप्प्यानंतर, अशी चार वेळा बोली होते. पटलं तर बरोबरी करा, वाढवा, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसा. डीलरच्या खुणेच्या डावीकडच्या दोघांना पत्ते बघण्याआधीच पैसे लावावे लागतात, पहिल्याला सहसा अर्धे, दुसऱ्याला पुरे. ती खूण प्रत्येक डावाला एक जागा पुढे सरकते, म्हणजे हा भुर्दंड आळीपाळीने सगळ्यांवर येतो. आमच्या खात्यातल्या बदल्यांपेक्षा न्याय्य पद्धत!

मला खरं अडलं ते कलरपाशी. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलट. हा काय न्याय? मी कला शाखेचा, तरी कागद घेऊन बसलो. तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० होतात आणि कलर १०९६. पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर जेमतेम ५१०८. जे दुर्मीळ ते मोठं, नियम दोन्हीकडे एकच. हे उमजलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि बायको दिवा बंद करा म्हणून तिसऱ्यांदा ओरडली होती.

हा खेळ जगभर पसरला त्यात आमच्याच जातकुळीच्या एका माणसाचा वाटा आहे. २००३ साली ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच तसं) नावाच्या अमेरिकन हिशेबनिसाने ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळवून लास वेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, पंचवीस लाख डॉलर! इथे कुणी तो मार्ग धरू नये. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केला आहे.

भाच्याला यातलं काहीच मिळत नाही. तो खेळतच नाही. पिसतो, वाटतो, प्रत्येक टप्प्याआधी एक पत्ता पालथा बाजूला सारतो, गल्ल्यातला बोटीचा वाटा काढतो. एकूण कारकुनीच. फक्त आमच्या डोक्यावर साहेब असतो, त्याच्या डोक्यावर कॅमेरा.

परवा जेवायला उठताना त्याने सवयीने टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. ताईने विचारलं, "हें कितें रे?" तो म्हणाला, "हातात काही नेत नाही असं दाखवायचं असतं, आई." ताई काही बोलली नाही. जेवणानंतर पुन्हा डाव मांडला आणि चिंचोके कमी पडले, तेव्हा दुसरा डबा तिनेच आणून ठेवला.