हप्ता आणि हायवे

मागच्या शनिवारी मूर्तिजापूरला गेलो होतो. पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून ताईकडे पोहोचलो, आणि चहाच्या आधीच भाच्याने एक कागद पुढे केला. पुढच्या महिन्यात साहेब १८ वर्षांचे होणार, म्हणून मोटरसायकल हवी. शोरूमवाल्याने हिशेब लिहून दिला होता. कर्ज ८०,०००, व्याज १० टक्के, ३६ महिने, हप्ता २,८८९.

"मामा, दहाच टक्के हाय. आई काहून घाबरून रायली?"

आता मी पडलो प्रोग्रामर, आकडे दिसले की हात शिवशिवतात. हे १० टक्के होते 'फ्लॅट'. म्हणजे तिन्ही वर्षं व्याज पूर्ण ८०,००० वर, एकूण २४,०००. पण मुद्दल तर आपण दर महिन्याला फेडत असतो! शेवटच्या वर्षी त्यातले निम्मेही पैसे आपल्याकडे नसतात, व्याज मात्र सगळ्यावर. एक्सेलमधे 'रेट' नावाचं फंक्शन आहे. त्यात हप्त्यांची संख्या ३६, हप्ता उणे २,८८९ आणि कर्ज ८०,००० टाका आणि उत्तराला १२ ने गुणा. आलं जवळजवळ १८ टक्के. भाचा दोन मिनिटं गप्प.

दुसरी गोष्ट ताईच्या घरातली. कर्ज निघणार भाऊजींच्या नावावर, आणि भाऊजींचं सोयाबीन येतं दिवाळीच्या सुमाराला. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला हजर. पगारदार माणसासाठी बेतलेला हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात चैत्र-वैशाखात कसा बसायचा? म्हणून त्याला म्हटलं, सुट्टीत मोबाइलच्या दुकानात बसतोस ना, मग सहा महिने हाच हप्ता स्वतःच्या खात्यात आरडीला भर. जमलं तर १७,३३४ रुपये साठतील, कर्ज तेवढं कमी घ्यावं लागेल. नाही जमलं तर गाडी ओढून न्यायला कुणी यायच्या आधीच कळेल.

हे त्याला पटलं. लायसन्सचं मात्र पटेना. "गावातल्या गावात कोन विचारते मामा?"

मग मला ते सांगावं लागलं, जे ताई सोडून घरात कुणी बोलत नाही.

१९९६ साल. मी १६ वर्षांचा. काकांची हिरो होंडा न विचारता घेतली आणि हायवेला लागलो. तेव्हा तो ६ नंबर होता, आता ५३ म्हणतात. शाळेतली पोट्टी शकुंतलेच्या डब्यांना लोंबकळून जायची, तिच्यापेक्षा जोरात जायची मला भारी हौस. (त्या गाडीपेक्षा जोरात जाणं ही काही मोठी मर्दुमकी नव्हती, असो.) समोरून ट्रक आला, मी कडेला दाबली, आणि कडेने सायकलवर चाललेल्या एका म्हाताऱ्या माणसाला धडकलो. त्यांचा पाय मांडीत मोडला. लायसन्स नाही म्हटल्यावर इन्शुरन्सचं नाव काढायची सोय नव्हती. अकोल्याचा दवाखाना बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून भागवला. ताईचं लग्न त्या वर्षी व्हायचं होतं, ते पुढे ढकललं. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तर कायदा फार कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८ च्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. लर्निंग तर २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या परीक्षा देऊन काढता येतं. ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट, तेवढ्यासाठी अकोल्याला एक खेप. आणि लर्निंग असलं तरी मागे लायसन्सवाला शिकवणारा बसलेला पाहिजे, मित्र नाही.

भाच्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या आजोबाचं मंग काय झालं?"

ते पुढे बरीच वर्षं काठी घेऊन बाजारात दिसायचे. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा बाबा मला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेले होते. म्हणाले, "आता येते का रे गाडी?" मी नाही म्हटलं. खरंच येत नव्हती. त्यानंतर सात वर्षं मी हँडलला हात लावला नाही.

रविवारी निघताना तो कागद भाच्याच्या खिशात होता. मागच्या बाजूला त्याने आरडीची तारीख लिहून ठेवली होती, ५ च.