वर्णन मीच लिहिलं होतं

मागच्या वर्षी शाबान महिन्यातली गोष्ट. शाळेतून घरी आले तर माझी धाकटी जाऊ ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेली. स्वयंपाकाचा पत्ता नाही, मुलं शेजारी पाठवलेली. मला पाहताच म्हणाली, "भाभी, त्यांनी दुकान बंद केलं. पैसेपण अडकवले."

दुकान म्हणजे मोबाइलमधलं. खरं दुकान आमचं किल्ल्याच्या रस्त्यावर होतं. दीर तिथे पर्यटकांना हिमरूच्या शाली आणि स्टोल विकायचे. मार्च २०२० मध्ये किल्ला बंद झाला, रस्ता ओस पडला आणि दुकानाचं भाडंही निघेना. तेव्हा जावेने हिंमत केली. बारावी शिकलेली मुलगी, पण फोटो काढणं, ऑर्डर घेणं, पार्सल बांधणं सगळं स्वतः शिकली. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात तिने नाव नोंदवलं. दोन वर्षांत मुलांची फी त्यातून निघू लागली. रमजानआधी लग्नाच्या आणि ईदच्या ऑर्डरी येतात, तोच तिचा हंगाम. त्याच हंगामात खातं निलंबित झालं आणि ३८,४०० रुपये अडकले.

कारण काय? संदेशात एवढंच होतं: खरेदीदारांच्या तक्रारी, धोरणाचा भंग. फोन लावला तर यंत्र बोलायचं. ईमेल केला तर तेच उत्तर दुसऱ्यांदा यायचं. आमच्या किल्ल्यात अंधेरी आहे, शत्रूला चकवण्यासाठी केलेला काळोखा भुयारी रस्ता. मुलांची सहल नेते तेव्हा त्यात सगळे एकमेकांचा हात धरतात. जावेला इथे धरायला कुणाचा हातच नव्हता.

आम्ही तक्रारी नीट काढून पाहिल्या. तीन होत्या.

पहिली सरळसरळ लबाडीची. एका बाईने प्रत्येकी १,८५० रुपयांचे दोन स्टोल मागवले आणि "आवडले नाहीत" म्हणून परत केले. परतीच्या पार्सलात निघाला एक जुना, रंग गेलेला दुपट्टा. पैसे मात्र त्या बाईला मिळाले आणि जावेच्या खात्यातून कापले गेले. तिने दावा टाकला, पण तो पुरावा अपुरा म्हणून फेटाळला गेला. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला नव्हता. जाताना पार्सलचं वजन ५२० ग्रॅम होतं, त्याची पावती होती. येताना ते किती होतं हे सांगणारी चिठ्ठी पाकिटासोबत चुलीत गेली होती. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. पिढ्यान् पिढ्या हाताने कागद बनवणारं गाव. त्याच्या शेजारी राहून आम्ही कागदाच्या एका चिटोऱ्यापायी हरलो.

दुसरी आणि तिसरी तक्रार एकसारखीच होती. माल "हातमागावर विणलेला" म्हणून विकला, पण तो यंत्रमागाचा निघाला.

दीर भडकले. "हे लोक फुकट वापरून परत करायला बहाणे शोधतात. भाभी, तुमची भाषा चांगली आहे, तुम्ही एक जोरदार अर्ज लिहा." मी लिहिला. बी.एड.च्या वेळीही इतकं मन लावून काही लिहिलं नसेल. गरीब कुटुंब, मेहनती स्त्री, दौलताबादचा इतिहास, सगळं त्यात होतं. रात्री जेवणानंतर तो अर्ज मी सर्वांना वाचून दाखवला.

सासरे तरुणपणी शहरात हिमरूच्या मागावर बसलेले. आता नजर कमजोर आहे, पण बोटं शाबूत आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्टोल मागवला. बोटांत फिरवला आणि मला विचारलं, "बेटा, हा माल कुठून येतो?"

"शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडून, अब्बा."

"कशावर विणलेला?"

कोणी बोललं नाही. घरात सर्वांना माहीत होतं की तो यंत्रमागाचा आहे. हातमागाची हिमरू या भावात मिळूच शकत नाही. अब्बांनी पुढे विचारलं, "मग हातमाग कुणी लिहिलं?"

मी लिहिलं होतं. सुरुवातीला जाऊ माझ्याकडे आली होती, "भाभी, दोन ओळी छान लिहून द्या ना." मी लिहून दिलं की मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या काळाशी या कलेचं नातं सांगितलं जातं; सोन्याचांदीच्या तारांचं किनखाब घेणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी सूत आणि रेशीम वापरून हिमरू विणली जाई. इथवर ठीक होतं. पण शेवटी लेखणीच्या ओघात जोडलं, "हातमागावर विणलेली अस्सल." मुलांना निबंधात खोटं लिहू नका म्हणून सांगणारी मी, ते दोन शब्द लिहिताना थांबलेही नाही. वाक्य छान झालं म्हणून खूश झाले.

त्या रात्री झोप लागली नाही. पहिल्या तक्रारीत आमच्यावर जुलूम झाला होता, हे खरं. पण दुसऱ्या दोन तक्रारींत जुलूम करणारे आम्ही होतो. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मिसळून मी आमची चूक त्या बाईच्या लबाडीमागे लपवत होते. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवल्याची रसूलुल्लाह (स.) यांची हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगते. ओला भाग वर ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल. आमचा ओला भाग तळाला होता.

सकाळी तो अर्ज फाडला. दीरांनी दुसरा उपाय सुचवला, "तुमच्या नावाने, तुमच्या पॅनवर नवं खातं काढू." मी नाही म्हटलं. अनुदानित शाळेत शिकवते, माझ्या नावावर धंदा करता येत नाही. आणि नियमांतून पळून दुसऱ्या दाराने आत जायचं, तर पहिल्या दाराशी भांडायचा हक्क कुठे उरतो? शिवाय पत्ता, फोन, बँक सगळं तेच राहिलं तर नवं खातंही पकडलं जातं आणि मग दोन्ही जातात.

मी दोन वेगळे अर्ज लिहिले. पहिल्यात साफ कबुली: वर्णन चुकीचं होतं, हे आम्ही मान्य करतो, दोन्ही खरेदीदारांचे पैसे आमच्या रकमेतून परत करा, सर्व वस्तूंचं वर्णन बदललं आहे, हे त्याचे फोटो. दुसऱ्यात फक्त बदललेल्या पार्सलची हकीकत, तारखांसह, पाठवतानाच्या वजनाची पावती जोडून. दोन्हींत रडगाणं नाही, इतिहास नाही.

त्यासाठी नियमही वाचले. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बाजार चालवणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. ग्राहकाच्या तक्रारीची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. विक्रेत्यावरही जबाबदारी आहे: जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे, आणि सांगितल्यासारखा माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. हे नियम ग्राहकाच्या बाजूने लिहिलेले आहेत. विक्रेत्याचं खातं बंद झालं तर त्याला असा दिवस मोजून हक्क त्यांत दिसत नाही. त्याला मुख्य आधार बाजारासोबतच्या लेखी कराराचा. तो करार जावेने न वाचता "मान्य" केला होता. आपण सगळेच करतो.

त्या दिवसांत एक फोनही आला. "दोन हजार पाठवा, ओटीपी सांगा, खातं लगेच चालू करतो." दीर पैसे पाठवायला निघाले होते, जावेनेच मोबाइल हिसकावला. असे पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावं, हे वाचकांनी घरात लिहून ठेवावं.

एकोणिसाव्या दिवशी खातं सुरू झालं. दोन खरेदीदारांचे ३,७०० रुपये आणि परतीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम आली. बदललेल्या पार्सलचे पैसे मिळाले नाहीत. रमजानचा हंगाम निम्मा गेला होता.

आता जाऊ प्रत्येक पार्सल बांधताना आणि परतीचं उघडताना न थांबता व्हिडिओ काढते. आधी पाकिटावरचा क्रमांक, मग वजनकाटा, मग माल. चिठ्ठ्या वहीत चिकटवते. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वही मात्र नुकसान झाल्यावर घातली.

वर्णनात आता लिहिलेलं असतं, "हिमरू नक्षीचा स्टोल, यंत्रमागावर विणलेला." किंमत कमी करावी लागली आणि विक्रीही घटली. शहरातल्या एका विणकराकडून थोडे हातमागाचे नग ती आणते, मागावरच्या फोटोसह वेगळे ठेवते. ते महाग आहेत, महिन्याला एखाददुसरा जातो. अस्सल हातमागासाठी २००६ पासून हातमाग चिन्ह आहे, त्याची चौकशी मी त्या विणकरासोबत करते आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. त्या दोघांनी तक्रार केली, म्हणून त्यांचे पैसे परत गेले. पण दोन वर्षांत ज्यांनी माझे ते दोन शब्द वाचून, विश्वास ठेवून माल घेतला आणि काही बोलले नाहीत, त्यांचं काय? त्यांचे पत्ते, फोन आता आमच्याकडे नाहीत, बाजार ते देत नाही. मी अब्बांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जे सापडतील त्यांना परत करा. बाकीच्यांचं देणं आहे, हे विसरू नका." मग आम्ही मागच्या ऑर्डरींचा हिशेब काढला. हातमाग आणि यंत्रमागाच्या किमतीतला फरक जितका वाटला, तितकी रक्कम जाऊ दर महिन्याला थोडी थोडी बाजूला काढते आणि त्यांच्या नावाने गरजूंना देते. निम्मा वाटा माझ्या पगारातून जातो. शब्द माझे होते.