मागल्या दाराची पिशवी

वसईतल्या आमच्या पिढीच्या घरांना दोन दारं असायची. पुढल्या दाराने फादर यायचे, पाहुणे यायचे, सोयरिकीची बोलणी यायची. मागल्या दाराने सरपण, दुधाची चरवी, उशिरा परतणारी पोरं आणि चर्चच्या मदतमंडळातले व्हिन्सेंट डी पॉलवाले. तुमच्या घरी ते आले नसतील, तर शेजारी तरी नक्की आले असतील. जपमाळेचं पाचवं रहस्य संपत आलेलं, कंदिलाची काच पुसून झालेली, आणि परसातून चपला वाजायच्या. दोघंच यायचे. कधी एकटा नाही, कधी तिघं नाहीत. एकाच्या काखेत छत्री, दुसऱ्याच्या हातात सुतळीने तोंड बांधलेली कापडी पिशवी. ओट्यावर टेकायचे, म्हशीची चौकशी करायचे, पावसापाण्याचं बोलायचे. पिशवीबद्दल चकार शब्द नाही. जाताना ती भिंतीला टेकवून ‘विसरून’ जायचे.

पिशवीत काय असायचं? तांदूळ, तुरीची डाळ, गुळाचा खडा, कांदे, साबणाची वडी, खोबरेलची बाटली. घरात बाळंतीण असली तर अळीव आणि मेथी. आणि चहाची पुडी मात्र नेमाने. घरी आलेल्या माणसाला घोटभर चहा पाजता न येणं हे उपाशी निजण्यापेक्षा अवघड, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

पिशवी पुढच्या आठवड्यात परत जायची, पण रिकामी नाही. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायची रीत नव्हती. मग ज्या घरात चूल एकवेळच पेटत होती, तिथूनही पिशवीतून दोन कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, अळूची जुडी, काहीतरी यायचंच. आता या वस्तूंचं करायचं काय? व्हिन्सेंट डी पॉलवाले त्या पुढच्या घरी द्यायचे. पुढचं घर आपल्या परसातलं त्यात घालायचं. एका पावसाळ्यात एक दुधी भोपळा म्हणे असा घरोघर फिरत फिरत ज्या मांडवावरून निघाला होता त्याच मांडवाखाली परत आला, आणि म्हातारीने देठावरचा विळ्याचा घाव बघून ओळखला. ही गोष्ट प्रत्येक आळीत आपल्याच आळीची म्हणून सांगतात. सांगू द्यावी.

पिशवीतला तांदूळ यायचा कुठून? तुमच्याआमच्या चुलीवरून. भात रांधायला तांदूळ मापून घेतले की आजी त्यातलीच एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. मुष्टी. पाहुणे असोत की घरात ओढगस्त असो, मूठ चुकायची नाही. मुठीच्या आकारावरून मात्र घराघरांत धुसफूस होती. सासूची मूठ मोठी नि सुनेची लहान, किंवा उलट, हे कोण बोलतंय त्यावर अवलंबून. शनिवारी आम्ही पोरं तो डबा चर्चच्या मागल्या खोलीत नेऊन ओतायचो. सगळ्या आळीचे तांदूळ एका पिंपात: कुणाचा उकडा, कुणाचा सुरय, कुणाचा रेशनचा. शिजवायला बसलं की काही दाण्यांचा गिचका, काही टणक. मग मंडळातल्या एका मावशींनी उकड्याचं पिंप वेगळं मांडायला लावलं. या एका सुधारणेबद्दल त्यांचं नाव चर्चच्या भिंतीवर कोरायला हरकत नव्हती, पण भिंतीवर नावं देणगीदारांची असतात.

आणि तो डबा? हातात हात मिळवलेलं चित्र असलेला, अमेरिकेच्या झेंड्याच्या पट्ट्यांचा. साठच्या दशकात कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसकडून तेल यायचं, दुधाची भुकटी यायची, बल्गर गहू यायचा. भुकटीचं दूध कोमट पाण्यात कालवून पेल्यापेल्याने वाटायचे. पोरं ते नाक दाबून प्यायची आणि भुकटी कोरडी मिळाली तर बोटाने चाटून पुसून खायची. डब्यावर लिहिलेलं असे की हा माल विकायचा नाही, बदलायचा नाही. आम्ही अगदी अक्षरशः पाळलं. तो डबा ना विकला ना बदलला. त्यात मोगरा लावला, त्याने पाणी शेंदलं, त्यात मीठ ठेवलं, आणि बूड गेल्यावर पत्रा ठोकून कोंबड्यांच्या खुराड्याला लावला.

लहानपणी आम्हांला वाटायचं, व्हिन्सेंट डी पॉल म्हणजे कधीकाळी आमच्याच चर्चमध्ये राहून गेलेले एखादे फादर. पुढे कळलं की ते फ्रान्सचे संत, १६६० साली वारले. आणि त्यांच्या नावाची ही सोसायटी त्यांनी नव्हे, तर १८३३ साली पॅरिसमधल्या काही कॉलेजकुमारांनी काढली. त्यांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. तुमची श्रद्धा आज गरिबांसाठी करते काय, असं कुणीतरी त्यांना टोचून विचारलं, आणि वाद जिंकत बसण्याऐवजी ही पोरं सिस्टर रोझाली रँदू यांच्याकडे गेली. त्या बाईंनी त्यांना गरिबांच्या जिन्यांवर पाठवलं. मुंबईत ही सोसायटी १८६३ साली आली. तिथून ती धर्मग्रामा-धर्मग्रामात पसरली.

तिच्या साप्ताहिक बैठकीचा एक रिवाज आम्ही खिडकीतून डोकावून पाहिलेला आहे. प्रार्थना व्हायची, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायचा, कोणत्या घरी काय गरज याची चर्चा आणि मग एक गुप्त झोळी सगळ्यांमधून फिरायची. प्रत्येकाने मूठ आवळून हात आत घालायचा आणि मोकळा बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, टाकले की नाही, कुणाला कळायचं नाही. पानवेलीचे मळे असलेला बागायतदार आणि रोजावर जाणारा गडी शेजारी बसलेले असायचे. दोघांच्या मुठी सारख्याच. झोळी उलटी केली की नाणी पडायची, क्वचित नोट, आणि एकदा शर्टाचं बटण. बटणाचाही कुणी शोध घेतला नाही. खजिनदारांनी ते शिवणाच्या डब्यात टाकलं.

संत अंतोनीचा कारभार वेगळा. त्यांची पेटी मंगळवारची. काही हरवलं की अंतोनीला साकडं घालायचं आणि सापडलं की पेटीत पैसे टाकायचे. ते पैसे गरिबांच्या भाकरीचे. कानातली कुडी, बैलगाडीची खीळ, रेल्वेचा पास, शाळेचा दाखला, पळालेली म्हैस, सगळं त्यांच्याकडे. पेटीत नाणी टाकणाऱ्यांत आगरी, कोळी, भंडारी शेजारणीही असत. हरवायचं तर सगळ्यांचंच हरवतं. सोसायटीच्या पिशवीलाही जात-धर्म विचारायचा नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. वैतरणेपल्याडून भातलावणीला येणाऱ्या वारली बायांच्या पोरांनाही तिच्यातला गूळ मिळालेला आहे.

मे महिना घर शाकारायचा. ज्यांच्या घरी पुरुषमाणूस नाही, त्यांची कौलं परतायला चर्चमधली पोरं शिडी घेऊन जायची. निम्मी कौलं चालताना फुटायची, ती भरून द्यायला मग दुसरी वर्गणी. जूनमध्ये जुन्या पुस्तकांचा ढीग: कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आत खोडलेली तीन-चार नावं, आणि गणिताची उत्तरं समासात पेन्सिलीने आधीच लिहिलेली. ही खरी शिष्यवृत्ती.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो काळा कोट. चर्चच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात लटकायचा. कुणी दिला, कधी दिला, याची नोंद कुठेच नव्हती. ज्याला नवा शिवणं परवडत नाही त्या नवरदेवाने लग्नाला तो नेऊन आणायचा. मठातल्या शिवणयंत्रावर सिस्टर तो प्रत्येकाच्या मापाने आत-बाहेर करायच्या. उलटा करून पाहिला तर बाहीच्या दुमडीवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीखाली एक: उंच मुलगा, बुटका मुलगा, पुन्हा उंच. खिशाच्या आत कुणाच्या तरी लग्नातला भाताचा दाणा वाळून चिकटलेला. आळीतल्या घरांत आल्बम उघडले, तर केस निराळे, मिश्या निराळ्या, नवऱ्या निराळ्या आणि कोट तोच. आम्ही सगळ्यांनी ते ओळखलेलं होतं. आल्बम पाहताना कुणीही कधी तसं म्हटलं नाही.

आता हे सगळं दुधात धुतलेलं होतं असं मी म्हणणार नाही. मदत कुणाला द्यायची याची चौकशी व्हायची आणि चौकशीत चोमडेपणा असायचाच. ‘नवरा घेतो का’ हा प्रश्न बायकोला विचारला जायचा, आणि नवरा घेत असला तर शिक्षा पोरांना व्हायची. हिशेबाच्या वहीत घरांपुढे नावं नसत, आकडे असत. पण कुठला आकडा कुणाचा, हे न जाणणारा आमच्या आळीत फक्त कुत्रा असेल. भांडणात एखाद्या पोराच्या तोंडून ‘तुमच्याकडे पिशवी येते’ असं निघालं, तर त्याला स्वतःच्या आईकडून असा फटका बसायचा की पुन्हा तो शब्द निघायचा नाही. तेवढी लाज आळीला होती, आणि ती देणाऱ्यांच्या बाजूची होती, हे मला अजून मोलाचं वाटतं.

शहाणी माणसं हेही जाणत होती की पिशवीने आठवडा निघतो, कर्ज फिटत नाही. मळा सावकाराकडे गहाण पडला की तांदूळ काय करणार? म्हणून १९१८ साली मोन्सिनोर पी. जे. मोनीस यांनी पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. म्हशीला कर्ज, विहिरीला कर्ज, मुलीच्या नर्सिंगला कर्ज. आमच्या आजोबांच्या मते पिशवीवाले आणि बँकवाले यांत फरक एवढाच की बँकवाले पुढल्या दाराने यायचे, आणि चहा त्यांनी नाकारला तर हप्ता थकलेला आहे असं समजायचं.

१९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली. तोवर मळ्यांत इमारती उगवू लागल्या होत्या, पाणी साठवणारी बावखलं बुजत चालली होती. २०१८ च्या जुलैत पुराचं पाणी दिवसचे दिवस ओसरेना, तेव्हा तरुण पोरांनी खिचडीची भांडी गुडघाभर पाण्यातून ओढत नेली. कुणी सांगायला लागलं नाही. फक्त त्यांनी फोटो काढले, आणि जुनी मंडळी त्या फोटोंवरून महिनाभर कुरकुरत होती: घेणाऱ्याचा चेहरा कशाला दाखवायचा? मला ती कुरकुर पटते. पोरांचं म्हणणंही खोटं नाही, की फोटो पाहून दुसऱ्या दिवशी तांदळाची पोती आली.

शिवाय फ्लॅटला मागलं दारच नसतं. एकच दार, त्याला भिंगाचा डोळा, आणि आत कॅनडाला मुलगा असलेली म्हातारी. तिला तांदूळ नको असतो. तिला गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला कुणी हवं असतं, बंगलीच्या कार्डिनल ग्रेशियस हॉस्पिटलात सोबत यायला हवं असतं, पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर भरून द्यायला हवा असतो. आमच्या वेळच्या पिशवीत हे काहीच नव्हतं. आताची मुलं ते करतात, आणि अजून जोडीनेच जातात. जोड्या रविवारी दुसरी मिस्सा सुटल्यावर ठरतात. स्कूटरवाल्याबरोबर जायला सगळे एका पायावर तयार असतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागतो.