ऐकलेल्या मालिका पाहताना

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की आपण काय काय आवरतो! डबे घासतो, माळा झाडतो, जुनी रद्दी काढतो. यंदा मी आणखी एक आवराआवर केली. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत आमच्याकडे दुपारी ज्या टीव्ही मालिका पाहिल्या, त्यांचे चक्क पहिला, दुसरा असे नंबर लावले. तुम्ही म्हणाल, "हे काय नवीन खूळ?" खूळ तर खूळ! पण ऐका तर खरं.

याला कारण झाल्या आमच्या सासूबाई. वय वर्षं ८६. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण पुढे कितीतरी दिवस पलंग आणि खुर्ची, खुर्ची आणि पलंग. सतत काम करणाऱ्या बाईला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या घरी असं दुखणं झालंय त्यांनाच कळेल. हल्लीच्या मालिका लावून पाहिल्या. "झोपताना एवढे दागिने घालून झोपतात का गं कुणी?" असं विचारून त्या स्वतःच झोपी जायच्या. शेवटी मुलानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका कशा शोधायच्या ते मला शिकवलं. मग दुपारी दोन ते चार आमचा कार्यक्रमच ठरून गेला. मात्र हात रिकामे ठेवायचे नाहीत. कधी लसूण, कधी मटार, कधी तांदूळ निवडायला.

आता एक गोष्ट कबूल करते. या मालिका लागल्या तेव्हा मी याच घरात होते. १९८३ साली लग्न होऊन डोंबिवलीला आले. दोन खोल्या, सात माणसं. टीव्ही बाहेरच्या खोलीत, गॅस आतल्या. रात्री टीव्हीसमोर पंगत बसायची आणि आमच्याकडे पोळी तव्यावरून ताटात पडायला हवी, असा दंडक. त्यामुळे त्या काळच्या गाजलेल्या मालिका मी सगळ्या ऐकल्या आहेत. पाहिल्या मात्र नाहीत. आवाज ओळखीचे, चेहरे अनोळखी!

नंबर लावायचे कसे, हाही प्रश्नच होता. मी एक सोपी युक्ती केली. सासूबाईंना रिमोटवरचं थांबवायचं बटण सापडल्यापासून त्या मधेच मालिका थांबवून बोलायला लागायच्या. जितक्या वेळा थांबवलं तितकी टिंबं कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. जिची टिंबं जास्त तिचा नंबर वरचा. आता खालून वर जाऊ या.

पाचवा नंबर 'ये जो है ज़िंदगी'चा. ही १९८४ सालची. शफी इनामदार आणि स्वरूप संपत नवराबायको, राकेश बेदी मेव्हणा, आणि सतीश शाह दर भागात नव्या सोंगात. आज हा माणूस कोण होऊन येणार, यावर आम्ही पैज लावायचो. हरेल तिनं चहा करायचा. सासूबाईंना उठता येत नव्हतं, त्यामुळे जिंकलं कुणीही तरी चहा मीच करत होते. खूप हसलो, पण हसताना कुणी मालिका थांबवत नाही. म्हणून टिंबं थोडी आणि नंबर पाचवा.

चौथा नंबर 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आणि चित्रं काढली होती नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांनी. मालगुडी हे गाव नकाशात कुठंच नाही. चित्रीकरण झालं कर्नाटकातल्या आगुंब्याला, आपल्याच सह्याद्रीच्या कुशीत, जिथं पाऊस कोसळतो म्हणजे कोसळतोच. लाकडी खांबांचा तो जुना वाडा पडद्यावर आला आणि सासूबाईंनी बटण दाबलं. "अगं, हे तर आमचं घर!" त्यांचं माहेर गुहागरकडचं. मग छोटा स्वामी शाळा चुकवून भटकतो ते पाहून म्हणाल्या, "आमचा बाळू अस्साच होता." मी विचारलं, "कोण बाळू?" तर त्यांचा पाठचा भाऊ. अकराव्या वर्षी विषमज्वरानं गेला. चाळीस वर्षांत या घरात मी हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मालिका पुढे सरकलीच नाही.

तिसरा नंबर 'रजनी'. १९८५ साली बासु चटर्जींनी ही मालिका केली आणि आपल्या प्रिया तेंडुलकर घराघरांत पोचल्या. रजनी म्हणजे साधी गृहिणी, पण गॅस सिलिंडरपासून टॅक्सीपर्यंत कुणाची मुजोरी चालवून घ्यायची नाही. टॅक्सीवाल्यांवरचा भाग पाहून टॅक्सीचालक इतके चिडले, की थेट दूरदर्शनवर मोर्चा घेऊन गेले होते! तेव्हा आतल्या खोलीत मला सासूबाईंचा शेरा ऐकू यायचा, "फार बोलते बाई ही." आता मात्र चित्र वेगळं. एका आठवड्यात आमच्या औषधवाल्यानं चारच गोळ्या हव्या असताना अख्खी पट्टी माथी मारली. सासूबाईंनी खुर्चीतूनच फोन लावायला सांगितला आणि असा काही आवाज लावला, की पुढच्या वेळी गोळ्या मोजून चार आल्या. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमलं ना?" प्रिया तेंडुलकर २००२ साली गेल्या, फार लवकर गेल्या. असत्या तर त्यांना हा किस्सा नक्की कळवला असता.

दुसरा नंबर 'उडान'. १९८९ सालची मालिका. लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगची भूमिकाही केली ती कविता चौधरी यांनी. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हटलं की चटकन ओळख पटेल. ही गोष्ट त्यांनी आपली बहीण कांचन चौधरी यांच्यावरून बेतली होती. देशातल्या दुसऱ्या महिला आयपीएस अधिकारी त्या. पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, आणि एखाद्या राज्यात त्या पदावर बसलेल्या पहिल्याच बाई. मालिकेत कल्याणीचे वडील झालेत विक्रम गोखले. मुलीच्या पाठीशी उभा राहणारा बाप त्यांनी असा रंगवलाय, की सासूबाईंचं बोट सारखं बटणावर.

एकदा थांबवून त्या बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाल्या, "मी सातवी फायनल पास झाले ना, तेव्हा मास्तर घरी आले होते. म्हणाले, पोरीला ट्रेनिंगला पाठवा, मास्तरीण होईल. वडील म्हणाले, आणि भाकऱ्या कोण थापणार?" एवढंच सांगितलं आणि परत मटार सोलायला लागल्या. दाणे सालांच्या भांड्यात पडत होते आणि सालं दाण्यांच्या. मी काही बोलले नाही.

आणि पहिला नंबर? 'हम लोग'. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली, हिंदीतली ही पहिली लांबलचक कौटुंबिक मालिका. लेखन मनोहर श्याम जोशींचं. दारुडा बसेसर राम, त्याची बायको भगवंती, आणि बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे ही पोरं. भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून जायचे. आपल्या मुलांना दोन मिनिटांच्या मॅगीची ओळख झाली तीही याच मालिकेच्या जाहिरातींतून!

आता गंमत ऐका. लिहिणाऱ्यांनी भगवंती आदर्श म्हणून उभी केलीच नव्हती. बाईनं सगळं निमूट सोसलं की तिचं काय होतं, ते लोकांना दिसावं हा हेतू. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर पुष्कळ प्रेक्षकांना हीच आदर्श बाई वाटली होती! आमच्याकडेही तेच. भगवंती पडद्यावर आली की बाहेरून आवाज यायचा, "बघा, कशी गप्प राहून सोसते. शिकावं कुणीतरी." हा 'कुणीतरी' आत पोळ्या लाटतोय, हे तुम्हाला सांगायला नकोच. भगवंतीचं तोंडही न पाहता मी तिचा दुस्वास करत होते.

यंदा ती पहिल्यांदा पाहिली. थकलेली, ओढग्रस्तीची, साधी बाई. तिच्यावर कसला राग धरायचा? एका भागात बसेसर राम तिला टाकून बोलतो आणि ती खाली मान घालून काम करत राहते. सासूबाईंनी थांबवलं. आता पुन्हा तेच ऐकायचं, म्हणून मी मनाची तयारी केली. तर त्या म्हणाल्या, "ही तोंड का उघडत नाही गं?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, तेव्हा तुम्हाला हीच आवडायची."

लसणाच्या दोन पाकळ्या सोलून होईपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू आत असायचीस."

"हो."

"आमची जेवणं होईपर्यंत हे संपून जायचं."

"हो."

"पोळ्या आधी करून ठेवल्या असत्यास तरी चाललं असतं. गरमच हवी असं मीच म्हणायची."

खोटं कशाला बोलू, मैत्रिणींनो, माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. आधी रागच आला. एवढं एक वाक्य बोलायला चाळीस वर्षं लागली? पण मग त्या मास्तरांची आठवण झाली, भाकऱ्यांची आठवण झाली. गरम पोळीचा हट्ट या बाईनं काही स्वतः शोधून काढलेला नव्हता. तिच्याही हातात तो कुणीतरी लाटण्यासारखा दिला होता. त्या काळी तिला तो खाली ठेवता आला असता का? असताही. मलाही 'नाही' म्हणता आलं असतं, पण मीही म्हटलं नाही. मी बटण दाबलं आणि मालिका पुढे सुरू झाली. त्या दिवशी कॅलेंडरवर टिंब काढताना मात्र जरा मोठं काढलं.

'हम लोग'चे जेवढे भाग मिळाले तेवढे पाहून संपवले आणि टिंबं मोजली. पहिला नंबर तिचाच. सासूबाईंना मात्र माझी यादी मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते 'मालगुडी' पहिली आणि 'हम लोग' शेवटून पहिली. "चांगली आहे, पण परत बघवत नाही," म्हणतात. तुम्ही त्यांची यादी धरलीत तरी माझी हरकत नाही.

आता त्या वॉकर घेऊन घरभर फिरतात. दुपारचे दोन वाजले की आधी खुर्चीत येऊन बसतात आणि मला हाक मारतात. पुढच्या वर्षासाठी 'बुनियाद' काढून ठेवली आहे. फाळणीची गोष्ट आहे, तेव्हा टिंबं पुष्कळ पडणार. तुमच्याही घरी कुणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्या काळातली एखादी मालिका लावून बघा, आणि रिमोट त्यांच्या हातात द्या.

आणि हो, आमच्याकडे हल्ली पोळ्या संध्याकाळी सहालाच होऊन जातात. कणीक भिजवताना चमचाभर तेल आणि थोडं दूध घालायचं, पोळ्या जरा निवू द्यायच्या आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. रात्री नऊपर्यंत छान मऊ राहतात.